गॅस म्हणून किती दिवस काढणार?

"गणपती गेले की बघू." हमरापूर-जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यांत जून-जुलैपासून हे वाक्य कानावर पडायला लागतं. धाटावच्या एमआयडीसीत तेच "नाइट शिफ्ट संपली की बरं वाटेल" असं ऐकू येतं, तर खारेपाटात "भात घरात आलं की मुंबईला जाऊ" असं. तोवर सकाळी अनशापोटी ॲसिडिटीची एक गोळी, जेवणानंतर चिमूटभर ओवा, रात्री झोपताना चूर्ण. बेंबी सरकली असेल म्हणून कुणी पोट चोळून देतं. औषधाच्या दुकानात नावही सांगावं लागत नाही, गिऱ्हाईक बघूनच पट्टी पुढे येते. पोट का बिघडलंय, हे कुणी विचारत नाही, कारण घरादाराला उत्तर ठाऊक असतं: गॅस.

गॅस ही तक्रार झाली. तिच्यामागे पित्ताशयातला खडा असेल, जठरातला व्रण असेल, आतड्याचा क्षयरोग असेल, थायरॉइड असेल, न पचणारं दूध असेल, मधुमेहाची गोळी असेल किंवा कुठेही जखम नसताना नाजूक झालेलं आतडं असेल. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. म्हणून हा लेख कुठलं औषध घ्यावं हे सांगत नाही. पेण-रोह्याकडच्या माणसाने नेमकं निदान पदरात पाडून घ्यायचं तर सुरुवात कुठून करावी, डॉक्टरांपुढे काय ठेवावं आणि कुठल्या तपासणीकडून कसली अपेक्षा करावी, एवढाच त्याचा विषय आहे.

पावसाळ्यात पाणी बिघडलं की होणारे जुलाब बहुतेक वेळा आठवड्याभरात थांबतात. हेटवणे धरण पेण तालुक्यातच असूनही खारेपाटातल्या गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे आपल्याकडे पोटाचं खापर आधी पाण्यावर फुटतं आणि अनेकदा ते बरोबरही असतं. पण जुलाब चार आठवड्यांच्या पुढे गेले तर तो दीर्घकाळचा आजार समजून तपासायला हवा. पोट फुगणं, जळजळ, कुथावं लागणं, जेवल्यावर दुखणं या गोष्टी तीन-चार आठवडे बहुतेक दिवशी होत असतील, तर दुकानातली पट्टी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

काही लक्षणं तर तेवढीही मुदत देत नाहीत. न ठरवता वजन उतरणं. शौचातून रक्त, किंवा डांबरासारखं काळं, चिकट शौच. रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, विशेषतः पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या बाईत. घास अडकणं. वारंवार उलट्या. संध्याकाळचा बारीक ताप. पोटात हाताला लागणारी गाठ. डोळे पिवळे होणं. दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून उठावं लागणं. पन्नाशीच्या आसपास आयुष्यात पहिल्यांदाच पोटाची सवय बदलणं. घरात कुणाला आतड्याचा किंवा जठराचा कर्करोग झालेला असणं. यांतलं एक जरी असलं तरी गणपती, शिफ्ट आणि भात तिन्ही मागे ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी पोटाची नाहीच. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं दुखतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, डावा हात किंवा जबडा भरून आलाय, तर सोडा-लिंबू पिऊन ढेकर येण्याची वाट बघू नका. हृदयविकाराचा झटका गॅसचं सोंग घेऊन येतो, मधुमेही माणसात आणि बायकांत तर फारच बेमालूम. १०८ ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा ठिकाणी पोचा. गॅसच निघाला तर कुणी हसणार नाही.

मूळव्याधीबद्दलही थोडं कडक बोलावं लागेल. स्टेशनाबाहेर आणि नाक्यानाक्यावर "मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन" अशा पाट्या लागलेल्या असतात. शौचातून रक्त दिसलं की माणूस लाजेने तिथेच जातो, कारण तिथे फार विचारत नाहीत. मूळव्याध असणाऱ्यालाही गुदाशयाचा कर्करोग होऊ शकतो, आणि आपल्याकडे तो तरुणांतही सापडतो. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. हातमोजा घालून केलेली ही एका मिनिटाची तपासणी फुकटात होते आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते, रुग्णाकडून आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांकडूनही. रक्त जात असेल आणि कुणीच बोट लावून पाहिलं नसेल, तर तपासणी अर्धीच झाली. "आतून तपासायचं का?" हे तुम्हीच विचारा.

डॉक्टरांपुढे काय ठेवायचं

पोटाच्या आजारात निदानाचा मोठा वाटा तुमच्या बोलण्यातून येतो. सरकारी बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर तुम्हाला मिळणारी मिनिटं मोजकी. त्यात "खूप दिवसांपासून पोटाचा त्रास आहे" एवढंच सांगितलं, तर बाहेर येताना हातात गॅसचीच गोळी असेल. त्यापेक्षा दोन आठवडे भिंतीवरची कालनिर्णय वापरा. दूध आणि सिलिंडरची नोंद होते त्याच चौकटींत लिहा: दुखलं कधी, कुठे, जेवणाआधी की नंतर, शौचाला किती वेळा, कसं झालं, त्या दिवशी कुठली गोळी घेतली.

शौच कसं झालं हे सांगायची लाज वाटते, त्याचा तोडगा जगभरातल्या डॉक्टरांनी काढून ठेवलाय. ब्रिस्टल तक्ता म्हणून सात आकडे आहेत, १९९७ साली इंग्लंडात ठरलेले. एक म्हणजे बकरीच्या लेंड्या, दोन म्हणजे गाठीगाठीचा कडक तुकडा, तीन-चार म्हणजे नीट बांधलेलं, पाच म्हणजे मऊ तुकडे, सहा म्हणजे भुसभुशीत लगदा, सात म्हणजे नुसतं पाणी. "आठवड्यातले चार दिवस एक नंबर, मग एक दिवस सहा नंबर" असं म्हटलं की डॉक्टरांना एका वाक्यात खूप काही कळतं. रक्त किंवा आव दिसली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. किळस वाटेल, पण डॉक्टरांना वाटत नाही.

दुसऱ्या कागदावर औषधं. सगळी. डॉक्टरांनी लिहून दिलेली, शेजारणीने दिलेली, वैदूकडची, टीव्हीवर बघून मागवलेली. पोटाचा त्रास कितीदा तरी औषधाचाच असतो. मधुमेहासाठीच्या मेटफॉर्मिनने जुलाब आणि फुगणं होतं, आणि नुसता प्रकार किंवा मात्रा बदलली तरी ते अनेकांचं थांबतं. गुडघेदुखीच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर जठराला व्रण पडतात. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, तेव्हा ती चालू असल्याचं सांगितलं नाही तर डॉक्टर रक्तस्रावाचा शोध घेत बसतात. पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. ती रोज घेणाऱ्याने ते लपवण्यात काही हशील नाही. पुडीवर नाव-गाव नसलेली भस्मं मात्र वेगळ्या काळजीची. त्यांत शिसं निघाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत, आणि शिशाच्या विषबाधेचं एक ठळक लक्षण पोटातली कळच असते. रंग, बॅटरी, रसायनं हाताळणाऱ्या कामगाराने कामाचं स्वरूपही याच कागदावर लिहावं. तंबाखू, मिश्री, ताडी, दारू यांचं प्रमाण खरं लिहा. डॉक्टर पोलीस नव्हेत.

तिसरी गोष्ट, जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावलेली एक फाइल. तीन दवाखान्यांत तीन वेळा केलेली तीच सोनोग्राफी पाहिली की वाईट वाटतं, कारण तेवढ्या पैशांत कदाचित चुकलेली एक तपासणी झाली असती. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर बदलणाऱ्याचं निदान दर पंधरा दिवसांनी पहिल्यापासून सुरू होतं. निदान तीन महिने एकाच डॉक्टरांकडे राहा, मग पटलं नाही तर फाइल घेऊन दुसरीकडे जा.

बायकांसाठी थोडं वेगळं. बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या कितीतरी जणी जवळ संडास नाही म्हणून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत आणि कळ आली तरी दाबून ठेवतात. त्यांच्या बद्धकोष्ठाचं मूळ तिथेच असतं, पण हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही. पाळीच्या दिवसांत शौचाला दुखत असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण तो गर्भाशयाच्या अस्तराशी संबंधित आजार असू शकतो. पन्नाशीच्या पुढे नव्याने पोट फुगायला लागलं, दोन घासांत पोट भरायला लागलं, तर ॲसिडिटीच्या आधी अंडाशयाची सोनोग्राफी व्हायला हवी. तिथला कर्करोग सुरुवातीला गॅससारखाच वाटतो. सोबत सासूबाई किंवा नवरा असेल आणि बोलायला अवघड जात असेल, तर "मला दोन मिनिटं एकटीला बोलायचंय" हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कुठली तपासणी काय सांगते

सुरुवात साध्या तपासण्यांनीच व्हावी: हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, ईएसआर किंवा सीआरपी, साखर, थायरॉइड, यकृताच्या चाचण्या, शौचाची तपासणी. शौचाचा नमुना ताजा लागतो. सकाळी सहाला डबीत भरून दुपारी दोनला पोचवलेल्या नमुन्यात फारसं काही सापडत नाही. आणि रिपोर्टात अमिबाच्या 'सिस्ट' दिसल्या म्हणजे तुमच्या वर्षभराच्या दुखण्याचं कारण मिळालं असं नाही. त्या कुठलाही त्रास नसलेल्या माणसांतही सापडतात. तरी आपल्याकडे कितीतरी जण मेट्रोनिडॅझोलचे कोर्स पुन्हापुन्हा घेत राहतात. तिसऱ्यांदा तोच कोर्स लिहिला गेला तर हात जोडून, पण स्पष्ट विचारा: "दुसरं काही असू शकतं का?"

सोनोग्राफीवर आपल्या लोकांचा भाबडा विश्वास आहे. पित्ताशयातले खडे, यकृत, मूत्रपिंडं, गर्भाशय, अंडाशय यांसाठी ती उत्तम. पण जठर आणि आतडं आतून कसं आहे, तिथे व्रण आहे का, अस्तर सुजलंय का, हे ती बहुधा सांगू शकत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे काहीच नाही" हा निष्कर्ष चुकीचा आहे, मग तो कुणीही काढो. उलट बाजूही आहे. 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' हे शब्द आज इतक्या रिपोर्टांत असतात की त्याने पोट दुखतंय असं मानणं धोक्याचं. वजन आणि साखरेसाठी तो इशारा जरूर आहे, दुखण्याचं कारण मात्र वेगळीकडे शोधावं लागतं. पित्ताशयातला खडाही कित्येकांत मुकाट पडून असतो. उजव्या बरगडीखाली कळ येत असेल तर खडा संशयित, पण सकाळी शौचाला साफ होत नाही म्हणून पित्ताशय काढलं तर सकाळ तशीच राहील.

जळजळ, वरच्या पोटातलं दुखणं यात दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, महत्त्वाची. तिच्याशी जोडलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जठरातले व्रण तिखट खाण्याने आणि चिंतेने होतात असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जायचं. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्यामागे असल्याचं दाखवलं. कुणी ऐकेना म्हणून १९८४ मध्ये मार्शलने तो जंतू स्वतःच पिऊन आजार ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्या घरांत अजून दोष मिरचीचाच.

या जंतूच्या तपासणीत मात्र एक मेख आहे, आणि ती आधी कुणी सांगितली नाही तर तपासणी वाया जाते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या वर्गातल्या गोळ्या चालू असतील तर जंतू दबून राहतो आणि रिपोर्ट खोटा 'निगेटिव्ह' येतो. या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे बंद असावी लागतात. अर्थात रक्तस्राव झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या माणसाने गोळी मनानेच बंद करू नये, डॉक्टरांना विचारावं. नुसत्या रक्तावरून केलेली चाचणी जंतू आत्ता आहे की पूर्वी कधी होता हे सांगत नाही. श्वासाची, शौचाची किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याची तपासणी भरवशाची. भारतात हा जंतू फार मोठ्या संख्येने लोकांच्या पोटात वस्तीला आहे, तेव्हा तो सापडला म्हणजे सगळं त्याचंच, असंही नाही. उपचार सुरू केलेत तर पूर्ण चौदा दिवस घ्या, आणि महिन्याभराने तो गेला का ते तपासा.

गव्हाच्या ॲलर्जीची म्हणून जी चाचणी सुचवतात, ती सिलिॲक आजाराची. तिचीही अशीच अट आहे: गहू खात असतानाच ती करावी लागते. आपल्याकडे जेवण भाताचं आणि तांदळाच्या भाकरीचं. एखाद्याच्या पोटात आठवड्यातून दोन पावांपलीकडे गहू जातच नसेल, तर रिपोर्ट नॉर्मल येऊन आजार लपून राहू शकतो. म्हणून चाचणीआधी काही आठवडे रोज चपाती खायला सांगतात. आधी गहू सोडायचा आणि मग चाचणी, हा क्रम उलटा आहे.

तपासण्यांच्या यादीकडे बघून मनात येणारी शंकाही बोलून टाकतो. आपल्याच जिल्ह्यातले, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशावरच्या संशोधनासाठी जगात ओळखले जातात. त्यांनीच २०१३ मध्ये, रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेल्या धनादेशाविरुद्ध वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली होती. तेव्हा संशय अगदीच निराधार नाही. पण संशयाने तपासणी नाकारण्यापेक्षा एक प्रश्न विचारा: "हा रिपोर्ट असा आला तर औषध काय बदलेल, आणि तसा आला तर काय?" नीट विचार करून तपासणी लिहिणारे डॉक्टर याचं उत्तर चटकन देतात.

आतड्याचा क्षयरोग

परदेशातल्या माहितीत हा आजार कोपऱ्यात असतो, आपल्याकडे तो मध्यभागी ठेवायला हवा. खोकला नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, तरी क्षयरोग आतड्यात असू शकतो. बहुधा लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला. जेवल्यावर त्या बाजूला दुखतं, पोटात गोळा फिरतो आणि गुडगुडून जिरतो, भूक मरते, वजन उतरतं, संध्याकाळी अंग कोमट लागतं. अशाच चेहऱ्याचा दुसरा आजार म्हणजे क्रोन्स, आतड्याची दीर्घकाळची सूज. दोन्हींत गोंधळ होणं केवळ साहजिक नाही, धोकादायकही आहे, कारण क्रोन्ससाठी दिलेल्या स्टेरॉइडने क्षयरोग पेटतो.

म्हणून कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण, आणि तिथून घेतलेले तुकडे. त्यातला एक तुकडा क्षयरोगाच्या जनुकीय चाचणीसाठी गेला ना, हे विचारा. सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये गेले तर जंतू वाढवून पाहायची संधी जाते. इतकं करूनही कधी खात्री होत नाही. तेव्हा डॉक्टर क्षयरोगाची औषधं सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघतात. ही डॉक्टरांची टाळाटाळ नव्हे, मान्य पद्धत आहे. औषधं सहसा सहा महिन्यांची, सरकारकडून मोफत. 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव लागलं की आहारासाठी महिना हजार रुपये बँक खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम पाचशेची हजार झाली.

पेण-रोह्यातून पुढे

सुरुवात घराजवळच करा. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, जिल्हा रुग्णालय अलिबागला. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. रक्त-लघवी-शौच, एक्स-रे, फिजिशियनचा सल्ला एवढं इथे झालं तरी पुढच्या डॉक्टरांचं निम्मं काम होतं. इथून पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवत असतील तर चिठ्ठीवर 'पोटदुखी' एवढंच नको, आतापर्यंत काय सापडलं आणि कशाचा संशय आहे ते लिहून मागा.

पोटविकारांचे स्वतंत्र विभाग मुंबईत केईएम, नायर, सायन आणि जेजेला आहेत. दिवा-रोहा गाडी रोहा, नागोठणे, पेणहून थेट दिव्याला सोडते. तिथून धिम्या लोकलने केईएमसाठी परळ, जेजेसाठी भायखळा किंवा सँडहर्स्ट रोड. पनवेलला उतरून हार्बरनेही जाता येतं. एका फेरीत काम होईल अशी आशा धरू नका. पहिल्या दिवशी तपासून तारीख मिळते, दुर्बीण नंतर.

कोलोनोस्कोपीची तारीख घेताना प्रवासाचा विचार करा, कारण यात बाहेरगावचे रुग्ण हमखास फसतात. आदल्या दिवशी आणि कित्येकदा त्याच पहाटे पोट साफ करायचं औषध लिटर-लिटर पाण्यातून प्यावं लागतं, आणि मग काही तास संडासापासून लांब जाता येत नाही. ते औषध पिऊन रोह्याहून पहाटेची गाडी पकडायची म्हणजे हाल. मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा, किंवा आदल्या दिवशी दाखल करून घेतील का हे तारीख घेतानाच विचारा. पोट अर्धवट साफ झालं तर तपासणी रद्द होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट होते. दोन-तीन दिवस आधीपासून बिया आणि सालींचं खाणं बंद ठेवा. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं काय करायचं ते लेखी घ्या. गुंगीचं इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी एकट्याने परतायचं नाही आणि मोटरसायकल चालवायची नाही, सोबतीला कुणीतरी लागतंच.

पैशांचं म्हणाल तर, राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी त्यात बसेलच असं नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा, किंवा १५५३८८ वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधार फाइलमध्येच ठेवा. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कंपनीच्या एचआरकडून कार्ड घ्या. धाटावच्या कितीतरी कामगारांच्या पाकिटात ते वर्षानुवर्षं नुसतं पडून असतं.

सगळे रिपोर्ट चांगले आले तर

दीर्घकाळ पोटाची तक्रार असणाऱ्या बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच होतं, आणि तिथे माणूस खचतो. "म्हणजे मी नाटक करतोय का?" नाही. आयबीएस, म्हणजे कुठेही जखम नसताना नाजूक झालेलं आतडं, हेही एक निदान आहे आणि त्याचे निकष ठरलेले आहेत: गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी पोटात दुखणं, ते शौचाशी किंवा शौचाच्या बदलाशी जोडलेलं असणं, आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची. वर सांगितलेली धोक्याची लक्षणं नसतील आणि साध्या तपासण्या ठीक असतील, तर तरुण माणसात दुर्बिणीशिवायही हे निदान करता येतं. जुलाबवाल्यांत शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची चाचणी सूज आहे की नाही हे सांगायला मदत करते. गॅस्ट्रोच्या साथीनंतर महिनोन्महिने रेंगाळणारा आयबीएसही असतो, तो बहुतेकांचा हळूहळू ओसरतो. मेंदू आणि आतडं यांच्यातली निरोपांची देवाणघेवाण बिघडलेली असते, म्हणून कधी मनाच्या आजारासाठीची औषधं अगदी कमी मात्रेत लिहितात. चिठ्ठीवर ते नाव वाचून घाबरून गोळी टाकून देऊ नका, कारण विचारा.

खाण्याच्या बाबतीत आपलं नशीब बरं आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने मांडलेल्या आहारात आतड्यात आंबून फुगणारे पदार्थ काही आठवडे कमी करतात. या आहारात चालणारे तांदूळ, मासे, अंडी, वांगं, भेंडी हे तर इथलं रोजचंच जेवण. कमी करायचे ते वाल, चवळी, कांदा, लसूण, गहू, दूध, आंबा, कलिंगड. वालाचं बिरडं आणि पोपटी सोडायची म्हणजे रायगडकराच्या जिवावर येतं, पण ती कायमची सोडायची नाहीतच. चार-सहा आठवडे बंद, मग एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, आधी दोन चमचे, मग अर्धी वाटी. कांदा सोसत नाही पण वाल सोसतात, असंही निघतं. पेणच्या पोह्याच्या पापडाला मात्र उगाच शिक्षा करू नका, दोषी बहुधा त्याच्यासोबतचं काहीतरी असतं. पाच-सहा पदार्थांवर महिनोन्महिने काढणारे लोक वजन आणि रक्त घालवून बसतात, आणि मग नव्या तपासण्या मागे लागतात.

आयबीएसचं निदान झाल्यावर दर महिन्याला नवी सोनोग्राफी नको. पण निदान झालंय म्हणून पुढची दहा वर्षं कुणी बघायचंच नाही असंही नाही. वजन, हिमोग्लोबिन आणि शौचाची सवय वर्षातून एकदा त्याच डॉक्टरांना दाखवा, त्याच फाइलसह. मधेच रक्त दिसलं, वजन उतरलं किंवा रात्री झोपमोड व्हायला लागली, तर "माझं आयबीएसच आहे" म्हणून घरी बसू नका. जुना आजार असलेल्या माणसालाही नवा आजार होतो.